मामंजींची ब्राह्मी

मामंजी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला निघाले, तेव्हा त्यांनी कपाटाची किल्ली सासूबाईंकडे दिली आणि माशांची पेटी माझ्याकडे. गिरगावातल्या त्या घरात येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. त्यांच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, पेटी सोपवायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी एकदा पेटीतल्या गप्पी माशांना चिवडा घातला होता.

"नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच घालायचं," मामंजी म्हणाले. "आणि आतल्या त्या रोपाला हात लावायचा नाही. त्याला काही लागत नाही, आपलं आपण वाढतं."

वडाळ्याच्या मिठागराकडच्या ओहोळातून आणलेल्या चार काड्या त्यांनी पेटीतल्या वाळूत खोचल्या होत्या. बारीक, जाडसर पानांची ती वेल वाळूवरून सरपटत कोपऱ्यापर्यंत पोचली होती. माशांतली एक मादी पोटुशी होती. पिल्लं झाली की त्या पानांतच लपणार, नाहीतर मोठे मासेच त्यांना खाणार, हे मला मामंजींनी दोनदा बजावलं होतं. घरातलं पहिलं काम विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं. मी दिवसातून दहा वेळा पेटीपुढे जाऊन उभी राहायची.

मामंजींना अटक झाली. त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी भाजी घेऊन आले, तर घरभर खोबरेल तापल्याचा वास आणि पेटीत नुसती वाळू! मासे बावरून एका कोपऱ्यात जमलेले.

"अगं, ही तर ब्राह्मी!" सासूबाई कढईत डाव फिरवत खुशीत म्हणाल्या. "एवढे दिवस डोळ्यांसमोर होती आणि मला पत्ता नाही. यांच्या डोक्याला तेल करतेय. तिथे तुरुंगात काय उष्णता असेल!"

माझा तोल सुटला. "मामंजींनी ती माझ्या भरवशावर टाकली होती! मला विचारायचं तरी!" आवाज शेजारी गेला असणार. सासूबाईंना मी उलटून बोलले होते, आणि वर रडतही होते.

त्यांनी कढई उतरवली. ताटलीत राहिलेले चार-पाच शेंडे उचलले, खालची पानं खुडली आणि कोपरापर्यंत हात पेटीत घातला. "पुदिना नाही का काडीने लागत? रडतेस काय!"

शेंडे तरंगून वर आले. पुन्हा खोचले, पुन्हा वर. मग त्यांनी एकेक शेंडा दोऱ्याने खड्याला बांधून वाळूत बसवला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्याआधी सासूबाईच पेटीपुढे हजर. पिल्लं झाल्यावर मोठ्या माशांना दमही द्यायच्या, "पोरांना तोंड लावाल तर बघा!"

तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी तेल गेलं. मामंजींचा निरोप आला: तेल उत्तम, झोप छान लागते, रोप कसं आहे? आम्ही दोघींनी त्याचं उत्तर धाडलं नाही.

दोन महिन्यांनी मामंजी सुटले. वाडीने गुलाल उधळला. ते गळ्यातल्या हारासकट थेट पेटीकडे गेले. आतापर्यंत वेल खड्यांवरून पसरून काचेला टेकली होती आणि पानांत नऊ पिल्लं फिरत होती. मामंजी खाली वाकले. एका खड्याला अजून दोरा होता.

"हात कुणी लावला?"

मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माशांकडे. मामंजींनी सावकाश स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, तळवा हुंगला आणि असे हसले की गुलाल खाली सांडला. "म्हणजे माझं रोप माझ्याच डोक्यावर!"

मीही हसू लागले. त्यांनी हार काढला आणि म्हणाले, "सत्याग्रहींची पुढची तुकडी निघाली की मला पुन्हा जायचंय. पेटी सांभाळाल ना दोघी?"

सासूबाईंनी कमरेची कपाटाची किल्ली सोडली आणि माझ्या हातात ठेवली.

"दोघी नाही, ही एकटी. मी तुमच्याबरोबर येणार आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ही माझ्यावर ओरडली ना, तेव्हाच कळलं मला, घर हिच्यावर टाकून जाता येईल."