डावं मडगार्ड

आमच्या ह्यांना सगळे 'एक्सरे' म्हणतात. धंद्याने हे डेंटर. चेपलेली गाडी आली की आतून ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी मारायची आणि पत्रा होता तसा करून द्यायचा, यात जन्म गेला. कंबर कामातून गेली तशी गॅरेजला कुलूप लागलं. मला धसका, की आता हा माणूस दिवसभर घरात बसून माझं डोकं खाणार. पण जुन्या गाड्यांचे शौकीन फोनवर फोटो पाठवायला लागले. ही गाडी विकायला निघाली आहे काका, घेऊ का? आणि ह्यांना परत काम मिळालं.

फोन धरायचा मी. ह्यांची बोटं ही अशी जाड; फोटो मोठा करायला जातील आणि भलत्यालाच फोन लावून बसतील. मी फोटो पुढे सरकवायची आणि हे चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला लावायचे. मला म्हणायचे, "गाडी बघू नकोस, गाडीत काय दिसतंय ते बघ." चकचकीत दारात समोरच्या भिंतीची कड दिसते. ती रेघ सरळ गेली तर पत्रा खरा, मध्येच लचकली तर आत लांबी. लांबी म्हणजे ते राखाडी लुकण. खड्डा ठोकून काढायचा कंटाळा आला की त्यात थापायचं, घासायचं आणि वर रंग मारून मोकळं व्हायचं. गाडी ओली करून फोटो काढला असेल तर रंग मेलेला. पायाखाली कोरी मॅट असेल तर खालचा पत्रा गंजलेला. आणि फोटो हललेला असेल, तर तिथेच पाणी मुरतंय. "आजकालचे फोन हलत नाहीत, माणूस हलवतो," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य.

सगळ्यात जास्त फोटो यायचे आमच्या दातांच्या डॉक्टरांकडून. त्यांना जुन्या गाड्यांचं भारी वेड. ते डेंटिस्ट, हे डेंटर, दोघांचं गूळपीठ जमलेलं. हे त्यांना चिडवायचे, "आपण दोघेही खड्डेवालेच डॉक्टर, फक्त तुम्ही भरता आणि मी काढतो." डॉक्टर बिचारे हसायचे आणि ह्यांनी नको म्हटलं की ती गाडी सोडून द्यायचे.

आता भाऊजींचं सांगायला हवं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, ह्यांचा पाठचा भाऊ. गॅरेज दोघांचं होतं. हे पत्रा सरळ करायचे, भाऊजी रंग मारायचे. रंगात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सासऱ्यांनी उभा जन्म दुसऱ्याची गाडी चालवली, आणि मालकाने टाकून दिली तेव्हा तीच गाडी आपली म्हणून घरी आणली. ते गेल्यावर दोघा भावांनी ती उभी करायला घेतली. डावं मडगार्ड पार चुरगळलेलं. नेमके हे तापाने पडले. भाऊजींना धीर धरवला नाही. त्यांनी लांबी भरली आणि वरून असा रंग मारला की ह्यांनासुद्धा पत्ता लागला नाही. पुढे एका रणरणत्या दुपारी गॅरेजच्या दारात, गिऱ्हाइकांच्या देखत, मडगार्डावरून बशीएवढा तुकडा गळून पडला. हे म्हणाले, "तुझ्या हाताला पत्रा कधी कळायचाच नाही. तू आपला लिंपत बस."

एवढंच बोलले. भाऊजींनी गाडी घेतली, बायकोला घेतलं आणि दुसऱ्या गावी निघून गेले. दोघेही एकाच आईचे, ताठ्यात कोण कुणाला हार जाणार? मी ह्यांना कितीदा म्हटलं, तुम्ही मोठे आहात, एक फोन केलात तर काय बोट झिजणार आहे? पालथ्या घड्यावर पाणी. वर्षं अशीच गेली.

आणि एक दिवस डॉक्टरांनी त्याच गाडीचे फोटो पाठवले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? जाहिरातीत दिसली, आवडली, पाठवली. बापाची गाडी ओळखायला ह्यांना चष्माही लागला नाही. मग म्हणाले, "विकतोय. मला विचारलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "नंबर आहे ना खाली? लावू का फोन?"

"पुढचे फोटो दाखव."

पुढे बघते तर डाव्या मडगार्डाचेच फोटो. समोरून, बाजूने, खालून, अगदी जवळून. आणि सगळे हललेले, एक धड नाही. ह्यांचा चेहरा कडवट झाला. म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं. त्याला ठाऊक आहे लोक तिथेच बघणार, म्हणून मुद्दाम हलवलेत. अजून लिंपतोच आहे." मी म्हटलं, अहो, लपवायचंच असतं तर इतके काढले कशाला असते? तर मलाच म्हणाले, पत्र्यातलं तुला काय कळतं. आणि माझ्या हातातून फोन घेऊन, त्यात आपला आवाज भरून डॉक्टरांना निरोप पाठवला, "डॉक्टर, ही गाडी घेऊ नका. डाव्या मडगार्डात लांबी भरलेली आहे. माणूस लबाड आहे."

आपलाच भाऊ आहे हे सांगितलं नाही. डॉक्टरांनी गाडी सोडली. ह्यांनी तो विषय घरात पुन्हा काढू दिला नाही.

थंडी सरता सरता जावेचा फोन आला. भाऊजी गेले.

मिळेल त्या गाडीने पोचलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीला रंगाच्या डब्यांची उतरंड, खिडकीत औषधांच्या पट्ट्या. जाऊ माझ्या गळ्यात पडली. हे आत आलेच नाहीत. परसदारी पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या चादरी जोडून गाडी झाकली होती, तिथे जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी मागोमाग गेलो. ह्यांनी चादर ओढली. सगळी गाडी गर्द हिरवी, तोंड बघावं अशी. डावं मडगार्ड तेवढं उघडं, रंग खरवडून खरवडून नुसता पांढरा पत्रा. त्याच्यावर वेड्यावाकड्या रेघोट्या.

ह्यांनी त्यावरून तळहात फिरवला. मग हात आतून घातला आणि बोटांनी चाचपत राहिले. मला म्हणाले, "ठोकून काढलाय गं हा. कणभर लांबी नाही. कुणी केलं हे?"

जाऊ म्हणाली, "आमच्या ह्यांनीच, दादा. हात थरथरायचा आजार झाला होता त्यांना. रंगाचं काम सुटलं. मग जुनी लांबी सगळी काढून टाकली आणि हातोडी घेऊन बसले. हात हलायचा, ठोका भलतीकडे पडायचा, की परत पहिल्यापासून. दोन वर्षं लागली. म्हणायचे, दादाला दाखवायचंय."

"मग विकायला का काढली?"

"विकायची कुठे होती? म्हणाले, शौकीन लोक दादाला विचारूनच जुनी गाडी घेतात, जाहिरात टाकली की कुणी ना कुणी फोटो दादाला दाखवणारच. दादा मडगार्ड बघेल आणि त्याचा फोन येईल. फोटो मी काढते म्हटलं, तर मला हात लावू दिला नाही. त्या तसल्या हाताने काढत बसले."

ह्यांनी गाडीला धरलं. मला त्या घडीला ह्यांचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली, की पुढे होऊन सावरावं की तिथून निघून जावं ते कळेना.

जाऊ बोलतच होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. डॉक्टरांनी नकार कळवताना ह्यांचं ते बोलणं तसंच्या तसं पुढे पाठवून दिलं होतं. "मी आत होते. मला हाका मारल्या, ये ये, दादाचा आवाज आलाय. पहिल्यांदा नुसता आवाजच ऐकला त्यांनी. मग दुसऱ्यांदा लावलं तेव्हा शब्द कळले."

"चिडला असेल," हे म्हणाले.

"नाही हो. म्हणाले, दादाला लांबी दिसली म्हणजे असणारच, माझ्याकडूनच कुठेतरी राहिली. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसले आणि एवढा मारलेला रंग उतरवायला लागले. अंथरूण धरेपर्यंत रोज हेच. सापडत नाही, सापडत नाही म्हणायचे." तिने पदराने डोळे पुसले आणि मडगार्डाकडे बघितलं. "मला एवढंच सांगा दादा, नेमकी कुठे होती लांबी?"

हे म्हणाले, "नव्हतीच."

तिला काही उमगेना. ती आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हणालात."