तिच्या सर्किटची उन्हाळी मोजणी

बायको हिवाळ्यात गेली. तिच्या सर्किटचं बोर्ड मी तिच्या टेबलावर रुमालाखाली झाकून ठेवलं होतं. मे महिन्यात ते पिशवीत घालताना कामठ्याहून आलेल्या तिच्या आईंनी पाहिलं.

"जवाई, काऊन नेऊन राहिले ते? बिघडलं तं?"

"मोजायचं आहे, आई. नाहीतर तिचा लेख छापणार नाहीत."

"तिचं तेवढंच तं आहे जी."

आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवत होतो. ती मायक्रोवेव्ह, मी भौतिकशास्त्र. मायक्रोवेव्हचं उपकरण फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यावर चालवायचं तर त्यातला नको असलेला कपॅसिटन्स, म्हणजे वीजभार साठवून ठेवण्याचा गुण, आड येतो. तिचं दोन ट्रान्झिस्टरांचं सर्किट उलट वागून, ऋण कपॅसिटन्स देऊन तो खोडायचं. मात्र पुरता खोडायचा नसतो. तसं केलं की आत काही न देताही सर्किट आपणहून सिग्नल काढत बोंबलायला लागतं. म्हणून ती सर्किट बोंबलेपर्यंत नॉब पुढे नेई आणि मग जरासा मागे घेई. प्रत्येक वेळी.

लेख तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, तापलेल्या खोलीत पट्टा एवढाच रुंद राहतो का? तिची मोजणी थंडीतली होती. लेखात तिने ठामपणे लिहिलं होतं, कोणत्याही तापमानाला राहतो.

प्रयोगशाळेतला एसी बंद करून मी दुपारपर्यंत थांबलो. मग तिने थंडीत करून ठेवलेल्या खुणेवर नॉब ठेवला. पडद्यावर एक उभी रेघ आली. आत सिग्नल नव्हताच, सर्किट आपणहून बोंबलत होतं. नॉब मागे घेत गेलो तेव्हा रेघ विझली, पण पट्टा अरुंद झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एसीचा रिमोट हाताशी होता. खोली गार करून मोजलं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो.

घरी आल्यावर बोर्ड जागेवर ठेवलं.

"झालं का जी?"

"झालं. तिने लिहिलं त्यापेक्षा कमी आलं."

आई कुलरमध्ये पाणी ओतत होत्या. "मंग कमीच लिहा. शाळेत असताना मार्क बी कमीच सांगे पोरगी. मी गावभर सांगत फिरीन म्हणून." हसल्या, आणि बादली तशीच टाकून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवा आलेख जोडला. तिच्या वाक्यातले "कोणत्याही तापमानाला" हे शब्द काढले. तिच्या लिखाणात आजवर मी स्वल्पविरामही बदलला नव्हता.