ओतायचं काम आप्पाचं

माझे वडील गेले त्या सकाळी गुरुलिंग आप्पा सगळ्यांच्या आधी आला. वडिलांना ओसरीवर निजवलं होतं, अंगणात तीन दगडांवर आंघोळीचं पाणी तापत होतं आणि आत आई ऊर बडवून रडत होती. आप्पानं चपला काढल्या, प्रेताला हात जोडले, चेहरा पाडता येईल तेवढा पाडला आणि वळून सरळ चुलीपाशी गेला. वाकून त्यानं हंड्याच्या काठावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. "तांबं हाय," तो म्हणाला. "पत्रा पातळ हाय, पण तांबं हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "वडील लय चांगले व्हते." या क्रमानं. मी रडत होतो म्हणून त्या दिवशी तो वाचला.

गावात सगळे त्याला अहोजाहो करायचे. तोंडावर मीही करायचो, शेजारधर्म म्हणून. लिहिताना मात्र मी त्याला 'तो'च म्हणणार. तेवढी सूट मी घेतलेली आहे.

ताडकळसहून पूर्णेकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची पत्र्याची दोन शेडं एकाला एक लागून. एकात माझं मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान, दुसऱ्यात आप्पाचं भंगार आणि त्याची भट्टी. माझ्याकडं जळालेल्या मोटारी यायच्या, त्यातली काळी पडलेली तार आप्पाकडं जायची. सायकलवर फिरणारे भंगारवाले त्याच्याकडं गाड्यांचे पिस्टन, फुटक्या कढया, तुटक्या तोट्या आणून टाकायचे. त्यातून तो पाण्याच्या पंपाचे पंखे, आप्पेपात्रं, तवे ओतायचा. देवाचं काम आलं की पितळ वितळवून मुखवटे, नंदी, घंटा करायचा. माल चांगला असायचा, हे कबूल करतो. त्याच्या हातचा पंखा कधी डगमगला नाही. डगमगायचा तो आप्पाच.

त्याचा कान फार तयार होता आणि त्या कानाचा त्यानं जन्मभर एकच उपयोग केला. बाजाराच्या दिवशी बायका पदराखाली झाकून जुनी भांडी आणायच्या. आप्पा भांडं हातात घ्यायचा, नखानं वाजवायचा आणि तोंड वाकडं करायचा. "कासं न्हाई बाई हे, पितळ हाय. तेबी नरम." बाई खालच्या मानेनं निघून गेली की तेच भांडं पुन्हा वाजवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि मला हाक मारायचा, "ऐकलास का? अस्सल कासं! कसं बोलायलंय बघ." मला ते ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. चोरी करून ती मिरवायला साक्षीदार लागणारा चोर मी तेवढा एकच पाहिला.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात सारखं "इमानदारी". "माणूस खोटं बोलतंय, धातू बोलत न्हाई" हे त्याचं लाडकं वाक्य. दर नव्या गिऱ्हाइकाला ते तो पहिल्यांदाच सुचल्यासारखं ऐकवायचा. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण आप्पा तो कथलाचा वाळाही दुसऱ्याच्या हातातून काढून घेणाऱ्यांतला होता.

मोठ्या माणसांपुढं तर त्याचा कणाच वितळायचा. साधा तलाठी रस्त्यानं गेला तरी आप्पा भट्टी सोडून उठायचा आणि उन्हात हात जोडून उभा राहायचा. एकदा तलाठ्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो दिसेनासा होईपर्यंत आप्पा तसाच उभा होता. मग मला म्हणाला, "साहेबांचं लक्ष नव्हतं, पण मनात नोंद झाली असंल." मी कॉइल गुंडाळत राहिलो.

त्याच्याकडं कामाला माणूस एकच, नागनाथ. हा त्याच्या बहिणीचा मुलगा. तिशीचा, खांद्यानं रुंद, मामावर आंधळा विश्वास असलेला. वाळू चाळणं, साचे भरणं, ब्लोअर सांभाळणं, राख उपसणं हे सगळं नागनाथ करायचा. आप्पाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं आप्पाची बायको गौराबाई नागनाथला पोटच्या पोरासारखं जपायची. दुपारी भाकरी घेऊन यायची ती आधी त्याला वाढायची, मग नवऱ्याला. आप्पाच्या घरातली सगळी माणुसकी तिच्या वाट्याला आली होती. नवऱ्यासाठी काही उरली नव्हती.

एकदा नागनाथ डोकं ओलं ठेवून भट्टीपाशी आला. आप्पानं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. "पाणी आन् रस म्हंजे सवती," तो ओरडला, "एका घरात घातल्या की घर पेटतंय! साच्यात एक थेंब राहू दे, वितळलेला रस उलटा तोंडावर येतोय. मेलास तर तुझ्या मायला मी काय सांगू?" त्याचं मारणं मला आवडलं नाही, पण सांगणं खरं होतं. सगळा साचा नीट वाळल्याशिवाय तो ओतायला घेत नसे. आणि ओतायचा स्वतःच. मूस भट्टीतून काढणं, सांडशीनं धरणं, साच्याच्या तोंडात रस सोडणं, यातलं काही त्यानं नागनाथला कधी करू दिलं नाही. "वतायचं काम माझं" असं म्हणत छाती काढायचा. नागनाथ बिचारा वर्षानुवर्षं बाजूला उभा राहून बघायचा. मला एकदा म्हणाला होता, "मामा एकदा वतू देतील बगा. एकदा."

ती एक वेळ आली, वेशीजवळच्या महादेवाच्या घंटेच्या निमित्तानं. जुनी घंटा तडकली होती. गावानं ठरवलं की घरटी एक भांडं द्यायचं, म्हणजे घंटेत सगळ्यांचा वाटा राहील. ही आमच्याकडची जुनीच रीत. आप्पानं तीन दिवस साचा शेकला. ओतायच्या दिवशी भट्टीपुढं मांडव घातला, हलगीवाले आले, बायका आरत्या घेऊन आल्या आणि तालुक्याच्या राजकारणात मुरलेले एक साहेब पाहुणे म्हणून आले. आप्पानं नवं धोतर नेसलं होतं. साहेबांना हार घालताना तो इतका वाकला की हार साहेबांच्या कानाला अडकला.

मुशीत रस तयार झाला. साचा खड्ड्यात पुरलेला, वर फक्त त्याचं तोंड. आप्पा सांडशी उचलणार एवढ्यात साहेबांनी हात वर केला. त्यांनी गोदावरीचं पाणी तांब्यातून आणलं होतं. "आप्पा," ते म्हणाले, "गोदामाईचं पाणी घंटेच्या पोटात गेलं पायजे. म्हंजे घंटा वाजली की गंगा बोलंल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि साहेबांनी वाकून साच्याच्या तोंडात पाणी सोडलं. थेंबभर नव्हे, चांगली धार.

त्या क्षणी आप्पाला एकच शब्द बोलायचा होता. "नको." किंवा "साहेब, आज न्हाई, साचा पुन्हा शेकावा लागंल." साहेबांना वाईट वाटलं असतं, चार लोक नाराज झाले असते, घंटा चार दिवस उशिरा झाली असती. आप्पानं हात जोडले. "वा साहेब, काय इचार केला तुमी!" तो म्हणाला.

मी गर्दीच्या मागं होतो. "आप्पा, पाणी! पाणी गेलंय आत!" म्हणून ओरडलो. हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही, पण आप्पाला गेलं. जन्मभर भांडी ऐकलेला तो कान. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मग सांडशी नागनाथच्या हातात दिली.

"आज तू वत," तो म्हणाला.

"मामा, पाणी..."

"जिरलं रे. गंगा हाय ती, काय करती? वत. एवढी माणसं बघायलेत."

नागनाथच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्यावर आनंद चढला. मी तो चेहरा विसरू शकत नाही. आणि आप्पा? आप्पा दोन पावलं मागं सरून साहेबांच्या पाठीमागं उभा राहिला. साहेब अंगानं भरपूर होते.

मी गर्दीतून वाट काढत होतो तोवर नागनाथनं मूस कलती केली. आधी नुसतं फुस्स झालं. मग साच्यानं सगळा रस वर फेकला. हलगी थांबली, बायका किंचाळत पळाल्या. नागनाथ दोन्ही हातांनी तोंड झाकून खड्ड्याशेजारी पडला होता. आप्पा पुढं धावला, तो साहेबांची बाही झटकायला. "साहेब, कुठं लागलं तर न्हाई ना? साहेब?" साहेबांच्या सदऱ्याला तिळाएवढं भोक पडलं होतं. गौराबाईनं आणि मी नागनाथला रिक्षात घातलं आणि परभणीला नेलं. आप्पा मागं राहिला, कारण साहेबांची गाडी अजून निघायची होती.

नागनाथचा उजवा डोळा गेला. गालापासून मानेपर्यंतची कातडी आक्रसली. चार दिवसांत चहाच्या हॉटेलात आप्पा सांगत होता, "पोराची घाई. कितीदा सांगितलं, वला हात लावू नको साच्याला." मी तिथंच होतो. म्हणालो, "आप्पा, पाणी साहेबांनी घातलं. तुमच्या डोळ्यांदेखत." तो शांतपणे म्हणाला, "देवाचं पाणी असं करीत नसतंय. तुझा इश्वास न्हाई, त्याला मी काय करू?" आणि बशीतला चहा फुंकून प्यायला. साहेबांनी मधे निरोप पाठवला होता म्हणे, की घंटेचं काय झालं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

दवाखान्यात मी नागनाथला विचारलं, की तू लोकांना खरं का सांगत नाहीस? तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "माझंच काय तरी चुकलं असंल." मला त्याचाही राग आला. मार खाऊन मारणाऱ्याचेच पाय चेपणारी जात असते एक, तसलाच हा, असं वाटलं. पुढं साचा नव्यानं केला, तेव्हा साहेबांना बोलावलं ते ओतून झाल्यावर. त्यामुळं पाणी कुणी आणलं नाही आणि ओतायचं काम पुन्हा आप्पाचं झालं.

गेल्या वर्षी आप्पा छातीच्या दुखण्यानं गेला. विभूती फासून, बसता करून, फुलांच्या विमानातून त्याला नेलं. साहेबांनी भाषण केलं, "आप्पानं भंगारातून देव घडवला." लोकांनी डोळे पुसले. मी घरी येऊन पाय धुतले आणि जेवलो, नेहमीपेक्षा दोन घास जास्तच. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. जिवंतपणी ज्याला कुणीच ठेवली नाहीत, त्याला कधी ठेवायची मग?

आता भट्टी नागनाथ चालवतो. काळा चष्मा लावून, एका डोळ्यानं. परवा राणीसावरगावकडचे काही लोक देवाचा मुखवटा ओतून घ्यायला आले होते. रस तयार झाला तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तीर्थाची वाटी पुढं केली. नागनाथनं साच्याच्या तोंडावर पंजा ठेवला.

"बाहीर घाला बाबा. माझ्या डोक्यावर वता पायजे तर. आत न्हाई."

म्हातारा रागावला. "आप्पाच्या टायमाला गंगेचं पाणी घातलं व्हतं म्हणं ह्याच भट्टीवर. देवमाणूस व्हता तो."

नागनाथनं चष्मा काढला. "घातलं व्हतं," तो म्हणाला. "हे बघा. आन् मामाला मालूम व्हतं. म्हून तर त्या दिवशी मला वतायला लावलं."

म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली. मी माझ्या दारात उभा होतो, हातातली तार हातातच राहिली. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. सांडशी हातात आली तेव्हा नसेल, पण दवाखान्यात नक्की होतं. मुखवटा ओतून झाला, लोक गेले, तेव्हा मी त्याला विचारलं, "मग दवाखान्यात 'माझंच चुकलं असंल' असं कामून म्हणालास?"

त्यानं मुशीतली राख झटकली.

"खाटंच्या पायथ्याला मामी बसली व्हती," तो म्हणाला, आणि सांडशी भिंतीला टेकवून चहा सांगायला गेला.