हायवेखालच्या मोरीतून, मेंढ्यांबरोबर

मी जात्याच भित्री. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारी. तरी शनिवारी सकाळी भिवंडीहून पडघ्याची शेअर जीप पकडली. शाळेत इतिहास शिकवते. पशुपालकांचा धडा दरवर्षी फळ्यावरच संपतो. मेंढपाळांचा तळ उठल्यावर मागे काय उरतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. जीपसाठी सुटे पैसे ठेवा. नाक्यावरचा वडापाव जाळ तिखट आहे, पाणी बरोबर हवंच.

पडघ्याजवळ एका गोडाऊनमागच्या भातखाचरात हिराबाई भेटल्या. धनगर कुटुंब, दिवाळीनंतर घाट उतरून येतं. त्यांनी बांधापलीकडच्या पडीक जागेतला गेल्या वर्षीचा तळ दाखवला: चुलीचे तीन काळे दगड, राख, लेंड्यांचा टणक थर. हजारो वर्षांपूर्वीचे तळ संशोधक अशाच थरांवरून ओळखतात. मी त्यावर हात ठेवून कितीतरी वेळ बसले.

"वढ्याकाठची जुनी वाट गोडाऊनच्या कंपाऊंडात गेली," हिराबाई म्हणाल्या. "आता मोरीतनं जातो. येताय का, ताई?"

हो म्हणून बसले! हायवेखालून ओढ्याचं पाणी जायला ठेवलेली ती मोरी आता कोरडी होती. आत मिट्ट काळोख, डोक्यावर ट्रेलरची धडधड. पुढे हिराबाई आणि मी, मागे मेंढ्या, सगळ्यात शेवटी हिराबाईंचे मालक, म्हणजे नवरा. भीती घालवायला काहीतरी करावं म्हणून मी वळून फोटो काढला. फ्लॅशसकट.

"इझव ती बत्ती!" हिराबाई ओरडल्या.

उशीर झाला होता. अख्खा कळप गर्रकन फिरून आल्या वाटेने उधळला. मोरीच्या तोंडापासून चढ थेट हायवेवर जातो आणि तिथे मालक एकटेच. हिराबाई भिंतीला घासत मागे धावल्या. बाहेर लांबलचक हॉर्न वाजला. आई गं, मेल्या सगळ्या, असंच मला वाटलं. मी अंधारात कान झाकून उभी राहिले.

एक मेंढी हायवेच्या कठड्यापर्यंत पोचली होती, मालकांनी तंगडी धरून खेचली. बाकीच्या हिराबाईंच्या हाकेला वळल्या, पण आत शिरेनात. शेवटी दोघांनी एकेक ओढत पार नेली. दुपार झाली.

मी रडत माफी मागितली. हिराबाई चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"मेंढरू इसरत न्हाय, ताई. आता मोरी दिसली की बुजणार."

"मग दुसऱ्या वाटेनं?"

"दुसरी कुठं हाय?"

घरी येऊन आठवडा झाला. तळ बघायला जरूर जा, पण मोरीची जागा विचारू नका, मी सांगणार नाही. रोज कॅलेंडर बघते आणि पावसाला किती दिवस उरले ते मोजते. पावसाआधी ती माणसं घाट चढायला परत निघतील, त्याच मोरीतून.