सतरा नंबरचं लाकूड

माहा मोठा भाऊ मन्सूर. आमी बल्लारपूरचे. वीस वर्षं त्यानं सागाचा ट्रक चालवला, आलापल्लीच्या जंगलातून इथल्या डेपोपर्यंत. मी शहजादी, त्याची लहान बहीण. मले लिहिता जास्त येत नाई, जसं बोलते तसं टाकून राह्यली.

जंगलाच्या लाकडाले पास रायते. किती नग, कोन्त्या लाकडावर कोन्ता नंबर ठोकला, कोन्त्या रस्त्यानं जायचं, सगळं त्याच्यात लिहून. रस्त्यात नाका लागते, तिथी गार्ड गाडीवर चढून मोजते.

१९८९ साली मन्सूरच्या गाडीत एक नग जास्त निघाला. भरणाऱ्यायची चूक. पण गाडी चार दिवस नाक्यावर अडकली, अन् गाडीसंगं मन्सूरबी. दुसऱ्या दिवशी इकडे अब्बा गेले. त्याले सोडलंच नाई. मय्यतीले थो नोता.

तवापासून थो लाकडं मोजे. भरताना मोजे, चहाले थांबला का मोजे. नाक्यावर सोताच वर चढून नंबर वाचे. गार्ड सोमाजी हासे, "मन्सूरभाऊ, तू ड्रायव्हर हायस का माहा साहेब?" घरी मी म्हणो, "भाई, पोळ्यायचा पास दाखवू का?" थोबी हासे. पण दोन म्हणल्या का दोनच खाये.

१९९८, एप्रिल. आष्टीच्या पुढे एका वळणावर साखळी सैल झाली अन् लाकूड पडलं. दोन किलोमीटर पुढे गेल्यावर त्यानं मोजलं. बेचाळीस पायजे होते, एक्केचाळीस भरले. संगं क्लीनर लटारूभाऊ, म्हातारं मानूस. थे म्हणाले, "राहू दे ना बापा, एका लाकडानं का होते?"

"सतरा नंबर हाय भाऊ. नाक्यावर का सांगू?"

गाडी मांगं नेली. लाकूड अर्धं सडकेवर. दोघायले उचलत नोतं. लटारूभाऊ गावातून मानसं आणाले गेले. कोनाची गाडी लाकडावर चढू नये म्हणून मन्सूर वळणावर दुपट्टा हालवत उभा राह्यला.

लटारूभाऊ चार जनायले घेऊन आले तवा थो सडकेच्या कडेले खाली पडून होता. उडवणारी गाडी निघून गेलती. दुपट्टा हातातच. लाकडाले काई झालं नोतं.

मन्सूरच्या चाळिसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर मी एसटीनं नाक्यावर गेली. सोमाजीले इचारलं, "भाऊ, एक नग कमी निघाला असता तं तुमी का केलं असतं?"

सोमाजीनं मले खुर्ची देली. चहा सांगतला. मंग म्हणे, "बाई, मन्सूरभाऊची गाडी मी तीन वर्षांपासून मोजतच नोतो. थो वाचे, मी सही करो."

रजिस्टर उघडून त्या दिवसाची ओळ दाखवली. दुसऱ्या ड्रायव्हरनं गाडी आणलती. नग बेचाळीस. बरोबर.

मी चहा पेली. एसटी आली, बसली.