चिचिह मावशीचं भूत

बांडुंगच्या त्या गल्लीत यायानचा भुताचा गेम बाजारात येण्याआधीच गाजला. विकणाऱ्या साइटवर शेकडो लोकांनी तो विशलिस्टमध्ये, म्हणजे 'हवाय'च्या यादीत, टाकला होता. यायान उठता-बसता तो आकडा बघे आणि मग आरशात बघे. पण त्याच्या आईने, बु एनोकने, बजावून ठेवलं होतं, "चालला तर तू राजा. नाही चालला तर गुपचूप सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं." परीक्षेला घालायचा पांढरा शर्ट तिने शिवूनही आणला होता. त्या शर्टापुढे यायानला स्वतःचं भूत अगदीच गरीब वाटायचं.

गेम आला त्या दिवशी आईने शुभकार्याला रचतात तसा पिवळ्या भाताचा डोंगर रचला. भिशीतल्या बायका आल्या आणि त्यांनी डोंगर भुईसपाट केला. संध्याकाळपर्यंत गेम विकला गेला तो दोघा-चौघांना.

"आई, विशलिस्टवाले गेले कुठे?"

"ह्या काय, जेवतायत की! आणि गल्लोगल्लीच्या भिशीत जाऊन एकेकीचा फोन घेऊन मीच बटण दाबलं."

"अगं, यांच्याकडे कॉम्प्युटर तरी आहे का?"

"हवाय का, एवढंच विचारलं मी. सगळ्या म्हणाल्या, हवाय. विकत घ्याल का, असं तोंडावर विचारतं का कुणी?"

यायानला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात भिशीची मुकादम चिचिह मावशी बोटं चाटत म्हणाली, "दाखव तरी तुझं भूत."

त्याने दाखवलं, आणि दाखवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता आपली धडगत नाही. पडद्यावर भूत कमरेवर हात ठेवून, डावा पाय ओढत आलं आणि खेकसलं, "भिशीचा हप्ता कुठाय?"

बायकांनी भुताकडे बघितलं, मग मावशीच्या डाव्या पायाकडे.

"ही मी?" मावशीने फोन काढून थोरल्या मुलाला लावला. "अरे ए, ऐक! तुझ्या आईला भूत केलंय मेल्याने. आत्ताच्या आत्ता विकत घे आणि बघ! जावईबापूंनाही सांग. सगळ्या नात्यागोत्याला सांग!"

मावशीचा गोतावळा पार जकार्तापर्यंत पसरलेला, आणि तिने फैलावर घेतलेली माणसं त्याहून जास्त. त्या सगळ्यांनी गेम विकत घेतला आणि भुताला मनसोक्त बडवलं. मग त्यांच्या मित्रांनी घेतला.

आईने पांढरा शर्ट घडी करून ट्रंकेत टाकला आणि तोंड फिरवून बसली.

"आता काय झालं गं?"

"फोन गोळा केले मी, भात रांधला मी," तिचे डोळे भरून आले होते, "आणि भूत करायला तुला चिचिहच दिसली!"