नववी ‘ब’ला मेट्रोत बसायचं होतं

आमच्या घरी दोन गोष्टी कधी संपत नाहीत. जुन्या पिशव्या आणि शाळेतले किस्से. एक काढायला जावं, तर तिच्या आतून दुसरी निघते. नवरा म्हणतो, “तू शिकवतेस कधी?” त्याला काय सांगणार? लाखांदूरकडच्या एका शाळेत मी गणित शिकवते, आणि यंदा माझ्या गळ्यात नववी ‘ब’ पडली आहे!

चौदा-पंधरा वर्षांची पोट्टी. आवाज फुटलेले, मिशा यायच्या बाकी, आणि प्रत्येकाकडे उत्तर तयार. माझा राग तसा दुधासारखा. भसकन वर येतो, फुंकर मारली की बसतो. हे त्या वर्गाला माझ्या आधी कळलं.

यंदा आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापकही नवे आले. भंडाऱ्याहून ये-जा करतात, शिस्तीचे कडक. वर्गाने सहलीसाठी नागपूर मागितलं, कारण सगळ्यांना मेट्रोत बसायचं होतं. मोठे सर म्हणाले, “नववी ‘ब’ची एक तक्रार माझ्याकडे आली की सहल रद्द!”

मी म्हटलं, “येणारच नाही सर.” बोलून बसले!

*

वर्गात मोबाइलला बंदी. एका दुपारी फळ्यावर प्रमेय लिहीत होते, तर मागच्या बाकावरचा डबा वाजायला लागला. जेवणाचा डबा! उघडला, तर पोळ्यांवर मोबाइल. डबा वैभवचा. वर्गातला सगळ्यात उंच पोट्टा आणि सगळ्या भानगडींचा मूळपुरुष.

मोबाइलवर ‘आई’ असं नाव आलेलं. मी उचलला.

“काबे, मॅडम आली का वर्गात?”

“मॅडमच बोलून राहिली.”

मग माउली ठामपणे म्हणाली, “राँग नंबर!” आणि फोन कट!

वैभवला बाकावर उभं केलं, पण मोठ्या सरांपर्यंत बातमी जाऊ दिली नाही. मेट्रो होती ना मध्ये.

*

आमची मॉनिटर प्राची. शिस्तीत मोठ्या सरांची धाकटी बहीण शोभेल. मी वर्गात नसले की फळ्यावर ‘बोलणारे’ असं लिहून खाली नावं मांडायचं काम तिचं.

एकदा मी वर्गात शिरले, तर सगळे चिडीचूप. फळ्यावर एकच नाव. ‘मॅडम.’

“प्राची, हे काय?”

“घंटी झाल्यावर तुम्ही व्हरांड्यात शिल्पा मॅडमसंग साडीचं बोलून राहिल्या होत्या जी. वर्गात तं कोणीच नाही बोललं.”

मी निमूटपणे डस्टर घेतलं.

*

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचा सीझन. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुण्यांची रीघ. त्यामुळे वर्ग रोज थोडा थोडा गायब. कोणाच्या मामाचं गाव, कोणाच्या आत्याचं. एवढ्या आत्या या भागात आहेत, हे मला नववी ‘ब’मुळे कळलं.

शेवटी मी चिडले. “शुक्रवारी चाचणी! मंडई असो की काही असो, गैरहजर राहाल तर बघा!”

शुक्रवारी वर्गात एकटा लोकेश. मला भरून आलं. म्हटलं, “बघा, एक तरी शहाणा निघाला! तू नाही गेलास बाळा मंडईला?”

“मंडई आमच्याच गावची हाय मॅडम. घरी पाव्हणे इतके आले का बसाले जागा नाही. मायनं म्हटलं, तू शाळेत जाऊन बस!”

*

मग निघाला केसांचा विषय. कानाजवळ सफाचट आणि वर झुपका, अशी सगळ्या पोरांची स्टाइल. मोठे सर कडाडले, “सोमवारी एकाच्याही डोक्यावर ही स्टाइल दिसता कामा नये!”

सोमवारी दिसली नाही. मागचे सगळे बाक चकाचक टक्कल करून आले! वैभव सगळ्यांत पुढे.

सायकलींवरून टकलांची ही रांग गावातून आली, तेव्हा चौकात एक म्हातारी छाती बडवत खालीच बसली. एवढ्या घरी एकदम सुतक! “कोण गेलं रे बाबू? कोण गेलं?”

वैभवने सायकल थांबवून तिला धीर दिला. “कोणीच नाही गेलं आजी. मोठे सर हायेतच अजून!”

गाव हसलं. पण हे वाक्य वैभवच्या आधी शाळेत पोचलं. मोठ्या सरांनी त्याला ऑफिसात उभा केला. “उद्या वडिलांना घेऊन ये. नाहीतर सहल रद्द. सगळ्या वर्गाची!”

वर्गात त्या दिवशी कोणी डबासुद्धा उघडला नाही. खरं सांगते, मलाही रडू येत होतं. वर्षभर जीव खाल्ला पोरांनी, पण मेट्रोचं नाव काढलं की चेहरे कसे उजळायचे!

*

दुसऱ्या दिवशी वैभवचे बाबा आले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. ऑफिसच्या दारातच थबकले, एक हात चौकटीवर, एक छातीवर.

“गुरुजीऽऽऽ!”

शेजारच्या वर्गातल्या कविता थांबल्या.

“चिखलात उभं राहून रोवणी केली अना या लेकराले शाळेत धाडलं! लेकरू चुकलं असन, तं त्याले नका मारू. ह्या अभागी बापाले मारा!” आणि धाडकन गुडघ्यांवर!

मोठे सर खुर्चीतून उठले. “अहो, असं काय करता? उठा, उठा!” सरांच्या डोळ्यांत पाणी. चहा मागवला. वैभवला माफी, सहल पक्की.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. बाबा बोलत होते सरांशी, पण तोंड सारखं खिडकीकडे. खिडकीबाहेर माझा वर्ग उभा. ते निघाले तेव्हा वर्गाने टाळ्याच वाजवल्या!

“टाळ्या कसल्या?” सर गरजले.

“तुम्ही माफ केलं म्हणून जी!” प्राची म्हणाली. सर लाजले.

आणि मला आठवलं. हे बाबा मी दिघोरीच्या मंडईत पाहिले होते. स्टेजवर! नायिकेच्या बापाची जमीन हडप करणारा खलनायक! मोठ्या सरांना नाटकाचा तिटकारा, पोस्टरकडेही बघत नाहीत, म्हणून निभावलं.

वैभवला कोपऱ्यात घेतलं. “खरे बाबा कुठं आहेत?”

“धान कापून राहिले. हे आमच्या घराबाजूचे काका हायेत. बाबा आले असते तं बोललेच नसते मॅडम. सरायले काय पटलं असतं?”

मी तोंडावर पदर धरून स्टाफरूममध्ये पळाले.

*

सहलीची सकाळ. गेटवर बस उभी, वर्ग आत बसून ओरडतोय, मोठे सर पायरीपाशी. तेवढ्यात सायकलवरून एक गृहस्थ आले. हातात डबा. वैभव विसरला होता.

“नमस्कार. मी वैभवचा बाप.”

खिडकीतला वैभव पांढराफटक. गेली मेट्रो!

मोठ्या सरांनी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही? वैभवचे वडील?”

“हो.”

“एवढंच?”

“डबा हाय.”

सर लालबुंद झाले. “मला मूर्ख समजता? वैभवच्या वडिलांना मी भेटलोय! काय माया होती त्या माणसात! आणि तुम्ही? बाप असा बोलतो? अहो, सोंग आणायचं तर जरा नीट तरी आणा! डबा द्या, आणि निघा!”

डबा घेऊन सर तरातरा आत चढले. “ड्रायव्हर, काढ गाडी!”

मी शेवटी चढले. गृहस्थ माझ्या मागोमाग दारापाशी आले आणि हळूच म्हणाले,

“मॅडम, मंग मी कोण हाय?”